फ्रेम वाजवून घ्यावी

डिसेंबरात एक सकाळ अशी येते, की गिरगावातल्या नळाचं पाणी बोटांना किंचित टोचतं. त्या टोचण्याला मुंबईत थंडी म्हणतात. पुण्याची माणसं हसतात. हसू देत. आम्हांला वर्षाकाठी अशा सकाळी मोजून चाळीस-पन्नास मिळतात, आणि त्यांचं कौतुक करायला आम्ही डांबरगोळ्यांचा वास मारणारे स्वेटर बाहेर काढतो, इमारतींचे वॉचमन पुठ्ठे जाळून शेकत बसतात, आणि एरवी पंख्याखाली घाम पुसणारी माणसं एकमेकांना "काय गारठा आहे नाही?" असं विचारतात.

यंदा ती सकाळ परवा आली. तोंड धुवायला नळ सोडला आणि हात तसाच पाण्याखाली राहिला. दत्ताराम आठवला. खरं सांगायचं तर तो रोजच आठवतो, थंडीत जरा जास्त.

बोलताना आम्ही एकमेकांना अहोजाहो करायचो. तो मला 'डॉक्टर' म्हणायचा, मी त्याला 'दत्ताराम' म्हणायचो, आणि या दोन हाकांमध्ये जे अंतर आहे ते आम्ही दोघांनीही कधी मोजलं नाही. मनात मात्र तो मला 'तो'च होता. लहानपणापासूनच्या मित्राला म्हणतात तसा. लहानपणापासूनचा मित्र मला नाही, त्यामुळे तुलना चुकत असेल.

मी दातांचा डॉक्टर. घर गिरगावात, दवाखाना दादरला. लग्न केलं नाही. आईचं आजारपण लांबलं आणि ते संपलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंडं उघडून असतात, पण बोलत कोणीच नाही. मी विचारतो, "काय मग, मुलगी काय करते सध्या?" समोरून "आं आं" येतं. त्या "आं आं"वर मी तीस वर्षं काढली आहेत. घरी गेल्यावर तेवढंही नसतं. आईचा रेडिओ अजून फडताळात आहे. मी तो लावत नाही आणि हलवतही नाही.

दत्ताराम पहिल्यांदा आला तो पेशंट म्हणून. कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी दाढेनं फोडायला गेला होता. त्याची दाढ दुखत होती, पण एक्स-रेमध्ये काही दिसेना. दाताची चीर अशी लबाड असते, फोटोत उमटत नाही. मग मी जुन्या पद्धतीनं आरशाच्या दांडीनं एकेक दात हलकेच ठोकू लागलो. चांगला दात ठणठणीत वाजतो. तिसऱ्या दाढेला आवाज बदलला आणि तो खुर्चीत दचकला. तोंड रिकामं झाल्याबरोबर त्यानं दुखण्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाला, "आवाजावरनं कळतं तुमाला?" मी म्हटलं, थोडंफार. तर म्हणतो, "आमचा पण तोच धंदा."

रे रोडच्या एका वर्कशॉपात तो पस्तीस वर्षं फिटर होता. ओतीव लोखंडाचा तुकडा आला की तारेला टांगून हातोडीनं ठोकायचा. लांब वाजला तर पास. थप्प वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, बाहेरून कितीही गुळगुळीत दिसो. घोडपदेवच्या त्याच्या चाळीत नारळ, माठ, कलिंगड, काहीही विकत आणलं की शेजारीपाजारी ते आधी दत्तारामपुढं धरायचे. हे सगळं त्यानं मला अर्धं तोंड बधिर असताना सांगितलं. इतकं बोलणारा पेशंट मला त्याआधी मिळाला नव्हता. जाताना त्यानं कोपऱ्यात टेकवलेली माझी सायकल पाहिली, तिच्या नळीवर बोटाचं पेर मारलं आणि म्हणाला, "डब्याचा आवाज हाय. अॅल्युमिनियम."

त्यानंतरच्या हिवाळ्यापासून आम्ही सकाळी एकत्र सायकल चालवायला लागलो. पावणेसहाला लालबागच्या पुलाखाली, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी भेटायचं. मी गिरगावातून उलटा तिथवर जायचो, तो घोडपदेवहून यायचा. तिथून परळ, दादर, वरळीचा समुद्र, हाजी अली, मग पेडर रोडचा चढ आणि खाली गिरगाव चौपाटी. तिथं उभ्या-उभ्या चहा घ्यायचा. त्यानंतर तो भायखळ्यावरून घरी आणि मी आंघोळ करून दवाखान्यात.

त्या रस्त्याच्या वासांवर मी डोळे मिटून कुठं आहे ते सांगू शकेन. लालबागला मिरचीचा खाट, दादरला ओल्या झेंडूचा आणि चुरगाळलेल्या देठांचा उग्र वास, वरळीला ओहोटी असेल तर चिखल, नसेल तर नुसतं मीठ. मधे कुठंतरी पहिल्या तव्यावरचा पाव. आजकाल या सगळ्यावर धुरक्याचं एक पांघरूण असतं आणि समोरच्या टोलेजंग इमारती विसाव्या मजल्यावरच संपल्यासारख्या दिसतात. दत्ताराम म्हणायचा, बरं हाय, वरचं दिसलं नाय तर मान दुखत नाय.

त्याची सायकल म्हणजे एक प्रकरण होतं. रे रोडजवळच्या दारूखान्याच्या भंगारबाजारात त्याला एक विलायती पोलादी फ्रेम मोडक्या अवस्थेत मिळाली होती. ती त्यानं पितळेचा डाग देऊन जोडली, हिरवा रंग मारला आणि बाकीचं जमेल तसं बसवलं. वजन माझ्या सायकलीच्या दीडपट. आणि तरीही पेडर रोडचा चढ तो माझ्याआधी चढायचा. रोजच. मी धापा टाकत वर पोचायचो तेव्हा तो फुटपाथच्या कडेला डावा पाय टेकवून उभा असायचा. घड्याळाकडे बघायचा नाही, हसायचा नाही. मी आलो की काही न बोलता पेडल मारायचा.

आता ज्या ऋतूबद्दल मला सांगायचं आहे तो दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. दिवाळी संपता संपता माझ्या डोक्यात आलं, की एक खरीखुरी उत्तम सायकल घ्यायची. दवाखान्यासाठी नवी खुर्ची घ्यायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवलं. लोकांना तोंड उघडून बसायला जुनी खुर्ची चालते, आपण मात्र सत्तावन्न वर्षांचे झालो, असा विचार केला. अशा सायकलीत सगळ्यात आधी ठरवायचं ते फ्रेमचं द्रव्य. पोलाद, अॅल्युमिनियम, टायटॅनियम की कार्बन. बाकी चाकं, गिअर, सीट नंतर बदलता येतं. फ्रेम म्हणजे सायकलीचं हाड.

वाटलं होतं, आठवड्यात ठरेल. गुढीपाडवा उजाडला.

तो सबंध हिवाळा आम्ही या एका प्रश्नावर काढला. परळला मी टायटॅनियमच्या बाजूनं असायचो, कारण तो धातू माझ्या ओळखीचा. मी तो रोज लोकांच्या जबड्यात बसवतो आणि हाड त्याला आपलं म्हणतं. गंजत नाही, थकत नाही, मालकाच्या मागं उरतो. वरळीपर्यंत माझं मत कार्बनकडे झुकलेलं असायचं. कार्बन म्हणजे धातूच नव्हे. काळ्या धाग्यांचं कापड, एकावर एक थर देऊन चिकट राळेत घट्ट बसवलेलं. हलकं इतकं, की फ्रेम दोन बोटांवर उचलावी. अॅल्युमिनियमचा विषय आम्ही दादरच्या आतच संपवायचो, रस्त्यावरचा एकेक खड्डा ते माझ्या मनगटांना दहा वर्षं कळवत आलं होतं. पोलादाची बाजू अर्थातच दत्तारामकडे होती, आणि तो ती फारशी मांडायचाही नाही. एकदाच म्हणाला, "लोखंड मोडायच्या आधी सांगतं ना, डॉक्टर. कुरकुरतं, वाकतं. तेवढा टायम देतं आपल्याला."

मी त्यावर व्याख्यान दिलं होतं. जग कुठं चाललं आहे वगैरे. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचा ग्लास विसळून परत ठेवला.

संक्रांतीला वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी तिळाचे लाडू पाठवले. ते इतके कडक होते की माझ्या धंद्याला हातभार म्हणूनच पाठवलेत की काय असं मी दत्तारामला विचारलं. तो निरोप त्यानं घरी पोचवला आणि दुसऱ्या दिवशी दुसरे, मऊ लाडू आले. सकाळी कोणीतरी आपल्या नावानं पुन्हा पाक केला, ही गोष्ट मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी घरी जाऊन फ्रेमच्या वजनांचे तक्ते काढून बसलो, ग्रॅमग्रॅमचे. आता वाटतं, निर्णय मी मुद्दाम लांबवत होतो. निवड चाललेली असते तोवर माणूस एकटा नसतो, तीन-चार शक्यता त्याच्याबरोबर घरात राहतात. आणि सकाळी बोलायला विषय असतो. दत्तारामही कदाचित तेवढ्यासाठीच लांबवत असेल. त्याला मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत मी त्याला माटुंग्याच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानाच्या मालकीणबाई चाळिशीच्या, एकेकाळी शर्यतीत उतरलेल्या, काटक. त्यांनी चारही प्रकारच्या फ्रेम आकड्यांना टांगून दाखवल्या, नुसत्या, चाकांशिवाय. दत्तारामनं मला विचारलं, वाजवू का? बाईंनी हसून मान हलवली. त्यानं बोटातली अंगठी काढून खिशात ठेवली आणि पेरानं एकेक फ्रेम ठोकली. पोलाद बराच वेळ वाजत राहिलं. टायटॅनियमचा आवाज थोडा दबका, घंटा हातात धरून वाजवावी तसा. अॅल्युमिनियमचा डबा. कार्बनवर त्यानं दोनदा ठोकलं, मग कान लावून तिसऱ्यांदा.

"हा बोलत नाय, डॉक्टर," तो म्हणाला.

बाईंनी समजावलं, की कार्बनची पारख आवाजावर होत नाही. तो मजबूतच असतो, फक्त वागवण्याची रीत वेगळी. सीटच्या दांड्याचा बोल्ट किती आवळायचा त्याचं माप फ्रेमवरच छापलेलं असतं, पाच न्यूटन मीटर, त्यापुढं नाही. माप भरलं की 'टक्' असा आवाज करणारा एक खास पाना मिळतो, तोही घेऊन ठेवा, असं त्या म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, त्याची गरज नाही, आमच्याकडे फिटर आहे. दत्ताराम तेव्हा छताकडे बघत होता. त्याला बरं वाटलं होतं.

मी कार्बन घेतला. त्याची कारणं मी सगळ्यांना वेगवेगळी सांगितली. खरं कारण इथं लिहून टाकतो. मला पेडर रोडच्या चढावर एकदा दत्तारामच्या आधी पोचायचं होतं. कोणीतरी वर आपली वाट बघतंय, या गोष्टीचा मला कमीपणा वाटत होता. माणसाला अक्कल ही अशी वेळेवर येत नाही.

सायकल पाडव्याच्या दिवशी मिळाली. वहिनींचा निरोप होता, पूजा आमच्याकडे करा, घरात बाई माणूस नको का? मी ती चालवतच घोडपदेवला नेली. चाळीच्या गॅलरीत गुढी उभी होती, खालच्या गल्लीत मसाल्यासाठी मिरच्या वाळत टाकल्या होत्या आणि येणारा-जाणारा शिंकत होता. काळ्या फ्रेमवर कुंकू दिसेना, म्हणून वहिनींनी हळदीचं बोट ओढलं. नारळ फोडला. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. दत्ताराम सायकलीभोवती फिरत होता. मला म्हणाला, बसून दाखवा. मी बसलो तर सीट जराशी खाली सरकली.

"सैल हाय," तो म्हणाला आणि आत जाऊन पाना घेऊन आला. पान्याच्या दांडीला त्यानं लोखंडी पाइप लावला. जोर जास्त मिळावा म्हणून फिटर लावतात तसा. रे रोडवर पस्तीस वर्षं जे त्यानं आवळलं ते सुटलं नाही, ही त्याची कीर्ती होती. मी तीन हात अंतरावर होतो. पाच न्यूटन मीटरचा आकडा त्या हळदीच्या बोटाच्या वीतभर मागं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला होता आणि मला तो पाठ होता. मी म्हणू शकलो असतो, दत्ताराम, थांबा.

मी म्हणालो नाही. का नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. आई गेल्यापासून माझ्या एखाद्या वस्तूसाठी कोणी गुडघे टेकून बसलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो पुटपुटत होता, "आजून अर्धा आटा, आजून अर्धा." मला ते बघत राहावंसं वाटलं. श्रीखंड गोड होतं. इतकंच.

मग 'टक्' असा बारीकसा आवाज आला.

तो आवाज मला ठाऊक आहे. दात काढताना आत मूळ मोडतं तेव्हा असाच येतो, पेशंटला कळायच्या आधी डॉक्टरच्या बोटांना कळतो. मी दत्तारामकडे पाहिलं. त्यानं पाना काढून घेतला, सीट हलवून पाहिली आणि म्हणाला, "बसली." त्यानं तो ऐकला की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. मी वाटी चाटूनपुसून संपवली आणि वहिनींना म्हटलं, झकास झालंय.

दोन दिवसांनी मी सायकल माटुंग्याच्या दुकानात नेली, तेव्हा मालकीणबाईंनी सीटखालच्या नळीवर टॉर्च धरला. केसाएवढी चीर होती. त्या म्हणाल्या, या फ्रेमवर बसू नका, कधी दगा देईल सांगता येत नाही. घरी येईपर्यंत माझ्यात राग साचला होता. स्वतःवरचा राग माणूस फार वेळ स्वतःजवळ ठेवत नाही, पहिला कोण भेटतो त्याच्या हवाली करतो.

दुसऱ्या दिवशी मी जुनी सायकल घेऊन पुलाखाली गेलो. दत्तारामनं विचारलं, नवी कुठाय? मी सांगितलं. तो म्हणाला, डाग देऊन जमतंय का बघू. कार्बनला डाग! तेव्हा मी बोललो. आवाज न चढवता, डॉक्टर बोलतात तसं.

"माहीत नसेल तर माणसानं हात लावू नये, दत्ताराम."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं नाही, तसं कथांमध्ये होतं. तो म्हणाला, "बरोबर हाय, डॉक्टर," आणि सायकलीवर बसला. परळ, दादर, वरळी आम्ही न बोलता पार केलं. पेडर रोडला तो नेहमीसारखा पुढं गेला. मला वाटलं, आज निघून जाईल. वर पोचलो तर डावा पाय टेकवून उभा होता. चौपाटीवर चहाही घेतला त्यानं माझ्याबरोबर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. मुंबईत भांडणं फारशी होत नाहीत, लोक वेळ बदलतात. त्यानं सायकलीची वेळ बदलली असावी, किंवा रस्ता. दर सहा महिन्यांनी दात साफ करायला यायचा तोही आला नाही. त्याचं कार्ड दवाखान्याच्या खणात आहे, वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'चीर, उजवी खालची, लक्ष ठेवणे.' गिरगावातून घोडपदेव काही लांब नाही. सायकलीनं वीस मिनिटं. तेवढी वीस मिनिटं मला पावणेदोन वर्षांत मिळाली नाहीत. मी डॉक्टर, मी का जायचं, असं पहिल्यांदा वाटायचं. मग इतक्या दिवसांनी कसं जायचं, असं वाटायला लागलं.

हट्टानं मी पुन्हा कार्बनचीच फ्रेम बसवून घेतली, आणि गेल्या हिवाळ्यात एकटा फिरलो. ती सायकल खरोखर अप्रतिम होती, तिची निंदा मी करणार नाही. खड्डे कळायचे नाहीत. आवाज म्हणून नाही. पेडर रोडच्या चढावर मी जुन्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर पोचायचो आणि वर कोणी नसायचं. मागं वळून पाहिलं तर मागंही नसायचं. चौपाटीवरचा चहावाला पहिले काही दिवस सवयीनं दोन ग्लास भरायचा. मग एकच भरायला लागला. एवढंच झालं त्या सबंध हिवाळ्यात.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मी ती सायकल विकून टाकली आणि मालकीणबाईंकडे पोलादी फ्रेम सांगितली. त्यांनी कारण विचारलं नाही. फ्रेम आली तेव्हा दुकानातच मी तिच्यावर पेर मारलं. अंगठी नाही माझ्या बोटात, तरी हात आपोआप त्या बोटाकडे गेला होता. फ्रेम लांब वाजली. मी बाईंना म्हटलं, सगळं आवळून द्या, फक्त सीटचा बोल्ट हातानंच फिरवून ठेवा. तो मी करून घेईन.

आणि तरी दोन महिने ती घरात भिंतीला टेकून होती. परवा नळाचं पाणी बोटांना टोचलं, तेव्हा रविवारी जायचं ठरवलं.

रविवारी मी सीटवर न बसता, उभ्यानंच पेडल मारत घोडपदेव गाठलं. चाळीच्या शेजारी एक उंच नवी इमारत झाली आहे, गॅलरीत ऊन उशिरा येतं आता. वहिनींनी दार उघडलं. त्या "डॉक्टर! या ना, बसा," म्हणाल्या आणि आत बघून हाक मारली. दत्ताराम बनियनवर मफलर गुंडाळून आला. वाळला होता थोडा. उजवा गाल आत गेलेला, म्हणजे त्या बाजूनं चावणं बंद केलंय, हे मला आधी कळलं. बाकीचं नंतर.

पाठ करून नेलेलं वाक्य उंबऱ्याबाहेर राहिलं. एवढंच म्हटलं, नवी घेतली, जरा बघता का. तो गॅलरीत आला, सायकलीकडे पाहिलं, आणि अंगठी काढली. पेर मारलं. फ्रेम वाजत असताना त्याच्या तोंडावर जे आलं ते मला दोन वर्षं हवं होतं.

"बोलतेय," तो म्हणाला.

मी म्हटलं, सीट सैल आहे. मुद्दाम सैल ठेवली आहे. तुम्ही आवळून द्या. तो मान हलवून आत गेला आणि एक लांबट निळी डबी घेऊन आला. डबीत मऊ फडक्यात गुंडाळलेला नवा पाना होता. दांडीवर आकडे कोरलेले. माप भरलं की आवाज करतो, तो.

"हा कधी घेतलात?" मी विचारलं.

"झाली दोन वर्षं. तुमच्या त्या पाडव्यानंतरच." चष्मा लावून तो पान्याची मूठ फिरवू लागला. "पाच ना?"

म्हणजे त्यानं ऐकला होता तो आवाज. त्याच दिवशी ऐकला होता, आणि नंतर कुणालातरी आकडा विचारून हा पाना आणून ठेवला होता. मी म्हटलं, दत्ताराम, हे लोखंड आहे. माप नको. हातानं आवळा, हवा तेवढा जोर लावा.

"नको, डॉक्टर," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, खोच असती तर मला बरं वाटलं असतं. "माहीत नसेल तर हात लावू नये."

मला सांगायचं होतं की ते वाक्य चुकीचं होतं, की मला माप पाठ होतं आणि मी श्रीखंड खात उभा होतो, की त्या दिवशी चूक झाली ती माझी. मी सांगितलं. निम्मं सांगितलं असेल, तुटक. तो गुडघ्यावर बसून बोल्ट फिरवत होता आणि ऐकत होता. मग पाना वाजला. टक्. आम्ही दोघंही होतो तसे थांबलो. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही दारातच थांबल्या.

"झालं," दत्ताराम म्हणाला. पाना फडक्यात गुंडाळला, डबीत ठेवला, डबी बंद केली.

चहा झाला. मी विचारलं, उद्या याल का पुलाखाली? म्हणाला, बघू, थंडीत गुडघा धरतो. मी म्हटलं, दाढ दाखवून जा. म्हणाला, येतो कधीतरी. मी निघताना त्यानं फ्रेमवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मी सरळ घरी गेलो नाही. लालबागवरून परळ, दादर, वरळी असा जुन्या रस्त्यानं गेलो. हाजी अलीच्या आत लक्षात आलं, सीट खाली उतरते आहे. माझं वजन आणि दांड्याला लावलेलं ग्रीस यांना पाच पुरेना. त्याच्या हातानं आवळली असती तर जन्मात हलली नसती. पेडर रोडच्या तोंडाशी ती दोन बोटं उतरली होती, अर्ध्या चढावर चार, आणि माझे गुडघे लहान मुलाच्या सायकलीवर बसल्यासारखे वर यायला लागले. मागची गाडी हॉर्न वाजवून बाजूनं गेली. खिशात माझा साधा पाना होता. तो मी काढला नाही.

वर पोचलो तेव्हा छाती फुटायला आली होती. फुटपाथच्या कडेला डावा पाय टेकवला आणि थोडा वेळ तिथं उभा राहिलो. मग तशाच उतरलेल्या सीटवर बसून घरी आलो. सायकल भिंतीला टेकवली आहे, सीट तशीच ठेवली आहे. उद्या सकाळी ती घेऊन घोडपदेवला जायचं आहे आणि सांगायचं आहे, की पाचनं भागलं नाही.